करकर ते कोमल गंधार

बिजागरीला तेल नसलं की दार करकरतं. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही मुळात तेच घडतं: दोन गोष्टी एकमेकींना धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. दाराची पकड वेळीअवेळी सुटते, व्हायोलिनची मात्र ठरलेल्या लयीत.

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात आणि त्यांवर राळ घासलेली असते. राळेमुळे तार केसांना चिकटून ओढली जाते, ताण वाढला की झपकन निसटते आणि पुन्हा चिकटते. सेकंदाला 440 कंपनांचा स्वर म्हणजे सेकंदाला 440 वेळा चिकटणं आणि तितक्याच वेळा निसटणं. डोळ्यांना कंप पावणारी तार फुगीर दिसते. प्रत्यक्षात ती दर क्षणी दोन सरळ रेषांत मोडलेली असते आणि मधला कोपरा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवलं. तो कोपरा गजापाशी पोचला की पकड सुटते.

ही पकड किती घट्ट हवी, हा प्रश्न कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी हाती घेतला. 1920 च्या सुमारास त्यांनी एक यंत्र बनवलं. त्यात गज स्थिर आणि व्हायोलिनच पुढेमागे सरकणारं! गजाचा वेग वाढवला किंवा तो तारा पेलणाऱ्या घोडीजवळ आणला, की दाबही वाढवावा लागतो, हे त्यातून मोजता आलं. दाब कमी पडला तर स्वर फुसका निघतो, जास्त झाला तर दाराची करकर.

एकट्या बारीक तारेने हवा फारशी हलत नाही. घोडी ते कंपन पोटाच्या स्प्रूस लाकडाला देते. आत पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक लाकडी काडी गोंदाशिवाय, नुसत्या दाबावर उभी असते. इटालियन कारागीर तिला ‘आत्मा’ म्हणतात. ती जरा सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो.

डोंबिवलीशी नातं असलेले पंडित गजाननबुवा जोशी (1911-1987) गवई होते आणि व्हायोलिनवादकही. हे दोन्ही एका माणसात का नांदलं, याचं उत्तर वाद्यातच आहे. गज फिरत असेतो स्वर तुटत नाही, गळ्यातल्या श्वासासारखा. शिवाय पट्टीवर पडदे नाहीत, म्हणून मींड सलग घेता येते. आपले वादक मांडी घालून बसतात, वाद्याचं डोकं पावलावर टेकवतात आणि डावा हात घसरायला मोकळा ठेवतात.

या मोकळेपणाची किंमत मोजून पाहा. तारेची लांबी साधारण 33 सेंटिमीटर. खुली तार षड्जाची धरली, तर कोमल गंधाराच्या किंचित उतरत्या आणि किंचित चढत्या, अशा दोन जवळच्या जागांत जेमतेम साडेतीन मिलिमीटर अंतर पडतं. बोटाचं टोक त्याहून रुंद असतं.

त्यात पावसाळा. जुलैत खाडीकाठच्या दमट हवेत घरांची दारं फुगतात, तशा व्हायोलिनच्या खुंट्याही फुगून अडकतात. गजाचे केस ओलाव्याने लांबतात, सैल पडतात. स्क्रू फिरवून ते ताणावे लागतात. लाकूड आणि केस असे ऋतूप्रमाणे बदलत राहतात. साडेतीन मिलिमीटरची ती जागा मात्र पट्टीवर कुठेच खुणावलेली नसते. ती आधी कानात असावी लागते, आणि गवयाच्या तर गळ्यातही असते.