थर्मोस्टॅटची गळती आणि गोड विष

निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदी घाटाच्या चढावर इंजिनाचा तापदर्शक काटा वर सरकू लागला, की आपण गाडी थांबवून पाणी ओततो. हा उपचार केवळ लक्षणावर होतो. निदान राहूनच जाते.

मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान राखतो, तसा थर्मोस्टॅट इंजिनाचे. बहुतेक गाड्यांत त्यातील मेण साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला वितळून प्रसरण पावते, झडप उघडते व कूलंट रेडिएटरकडे वाहू लागते. थर्मोस्टॅटच्या कवचाच्या सांध्यातील गॅस्केट झिजले किंवा कवच तडकले, की गळती सुरू होते. सांध्याभोवती वाळलेला रंगीत वा पांढरट थर ही तिची खूण होय.

दुरुस्ती अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे टोपण उघडल्यास गंभीर भाजते. कूलंट भांड्यात काढून बोल्ट सोडवावेत, जुने गॅस्केट खरवडून पृष्ठभाग स्वच्छ करावा आणि नवे बसवून बोल्ट सारखे आवळावेत. कूलंट भरून अडकलेली हवा काढावी व इंजिन तापल्यावर सांधा पुन्हा पाहावा.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक इशारा देणे आवश्यक वाटते. बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते; थोडेसे पोटात गेले तरी रक्तातील आम्लता वाढून बालकाची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. काढलेले कूलंट शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये, अंगणात ओतू नये. मूल ते प्यायल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रतिविष उपलब्ध आहे. मात्र ते वेळेत मिळायला हवे.