शिधा जास्त झाला तर

श्रोतेहो, पावसाळा लागला की पनवेल तालुक्यात हिवतापाची धास्ती असते. ताप आला की माणूस आधी तोच संशय घेतो, आणि ते बरोबरच आहे. पण एखाद्या तरुण मुलीचा ताप पुन्हा पुन्हा उलटतो, रक्तात हिवतापाचे जंतू सापडत नाहीत, बोटांचे सांधे दुखतात, केस गळतात, उन्हात गेले की गालांवर तांबडे चट्टे उठतात. घरची माणसे म्हणतात, "बाहेरचं काही लागलं असेल." बाहेरचे काही नसते. या आजाराचे नाव ल्युपस. यात शरीराचे रक्षकच शरीरावर उलटतात.

हे रक्षक म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांतल्या 'बी' पेशी हाडांच्या मगजात जन्मतात आणि पुढे जंतूंना धरणारी प्रतिद्रव्ये तयार करतात. त्यांना जगवणारे एक प्रथिन आहे, बॅफ. ते १९९९ साली ओळखले गेले. त्याला आपण शिधा म्हणू. शिधा मोजका असतो. नव्या पेशींत काही स्वतःच्याच शरीराला परके समजणाऱ्या निघतात. त्या रांगेत मागे पडतात आणि उपाशी मरतात. शिधा वाजवीपेक्षा जास्त झाला की त्याही तगतात. उंदरांच्या शरीरात बॅफ मुद्दाम वाढवले, तेव्हा त्यांना ल्युपससारखाच आजार जडला.

इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०१७ साली एक नवल उघडकीस आले. तिथल्या पुष्कळ लोकांत बॅफ जास्त बनवणारा आनुवंशिक फरक सापडला, आणि अशांना ल्युपसचा धोका अधिक. त्या बेटावर शतकानुशतके हिवताप होता. जास्त बॅफवाली माणसे त्यातून वाचली असावीत, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. १९५०च्या सुमारास तिथला हिवताप गेला. वाढीव शिधा मागे राहिला. आपल्याकडेही तसेच असेल, असे मात्र यावरून समजू नये बरे.

बॅफला अडवणारे बेलिमुमॅब हे औषध अमेरिकेत २०११ साली मंजूर झाले. ते महाग आहे, आणि सर्वांना गुण येतोच असे नाही. नेहमीचे औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. गंमत अशी, की तेही मूळचे हिवतापाचेच!

शिक्षकमंडळींना एक सांगणे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, मुलीला वर्गात वेगळे बसवू नये. तिचे पाय किंवा चेहरा सुजू लागला, लघवीला फेस येऊ लागला, तर मूत्रपिंडाला झळ लागली असण्याचा संभव असतो. पालकांना बोलावून सांगावे, आणि लघवीची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. त्यासाठी मुंबई गाठायला नको, ती पनवेलात होते.