गुजिया की करंजी? कीवर्ड शोधायचा कसा आणि निवडायचा कसा

मागच्या भागात आपण गूगल एखादं पान कसं शोधतं, आपल्याकडे नोंदवून कसं ठेवतं आणि लोकांना कसं दाखवतं ते पाहिलं. आज कीवर्ड. म्हणजे लोक सर्चमध्ये जे शब्द टाकतात, त्यांतले कुठले शब्द आपण आपल्या पानासाठी धरायचे.

उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. इंदूरला आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. मराठी घर, तीन पिढ्या तिथेच. थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ घरी करून विकतात. ओळखीपाळखीत व्यवसाय छान चालला होता. मग वाटलं, दिल्ली-भोपाळ-लखनौला राहणाऱ्या मराठी लोकांना हे सगळं कुठे मिळतं? आपण कुरिअरनं पाठवू. वेबसाइट केली. एका एजन्सीला एसईओचं काम दिलं. एजन्सीनं काकूंना न विचारता चार शब्द ठरवले: नमकीन, इंदौरी नमकीन, मिठाई ऑनलाइन आणि गुजिया. का? तर या शब्दांचा सर्च जास्त.

आता इंदूरमध्ये बसून 'नमकीन' या शब्दावर पहिल्या पानावर यायचं म्हणजे काय, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेव विकणारी दुकानं आहेत, देशभर माल पाठवणारे ब्रँड आहेत, मोठे ऑनलाइन बाजार आहेत. काकू कुठेतरी पाचव्या पानावर. तिथपर्यंत कोण जातंय?

पण खरी गंमत, म्हणजे काकूंसाठी खरा ताप, झाला तो 'गुजिया'मुळे. हा शब्द थोडाफार चालला. होळीच्या आधी ऑर्डरी आल्या. काकूंनी मनापासून करंज्या करून पाठवल्या, ओल्या नारळाच्या नाही बरं का, टिकायला हव्यात म्हणून सुक्या खोबऱ्याच्या. आणि तक्रारी सुरू झाल्या. "मावा कहाँ है?" उत्तरेत होळीची गुजिया म्हणजे खव्याचं सारण, बऱ्याचदा वरून पाक. आपली करंजी म्हणजे खोबरं आणि दिवाळी. आकार सारखा, पदार्थ वेगळा. पैसे परत करावे लागले, एक-एक तारा देऊन लोक गेले आणि काकू मला म्हणाल्या, "अरे, करंज्या चांगल्या झाल्या होत्या रे. माझं चुकलं कुठे?"

करंज्यांत काहीच चुकलं नव्हतं. शब्द चुकला होता.

आजच्या भागातून एवढं घेऊन जा: कीवर्ड निवडताना 'हा शब्द किती लोक शोधतात' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की 'हा शब्द टाकणारा माणूस माझ्या पानावर आला, तर त्याला हवं ते मिळेल का?' याला इंग्रजीत सर्च इंटेंट म्हणतात, आपण शोधामागचा हेतू म्हणू. आंद्रे ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञानं २००२ साली एका निबंधात शोधांचे तीन प्रकार मांडले. एक, माणसाला ठरावीक ठिकाणी पोहोचायचंय, म्हणजे अमुक बँकेचं लॉगिन. दोन, काहीतरी जाणून घ्यायचंय. तीन, काहीतरी करायचंय किंवा घ्यायचंय. त्याला वीसहून अधिक वर्षं झाली, पण आजही कुठलंही टूल उघडा, तिथे हीच विभागणी थोड्या फरकानं दिसते.

तर काकूंबरोबर आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. टूल नंतर उघडलं. आधी काकूंचा व्हॉट्सअ‍ॅप उघडला. जुन्या गिऱ्हाइकांचे मेसेज वाचून त्यांचे शब्द वहीत जसेच्या तसे उतरवले. "काकू, थालीपीठाचं पीठ आहे का?" "चकलीची भाजणी अर्धा किलो मिळेल?" "आमटीचा मसाला पाठवा, मागच्या वेळचा." पाहा, काकू त्याला गोडा मसाला म्हणतात, गिऱ्हाईक आमटीचा मसाला म्हणतंय. काही जण काळा मसाला म्हणतात. काही घरांत ते दोन्ही एकच, तर काही घरांत काळा म्हणजे वेगळा, तिखट मसाला. हे कुठल्याही सॉफ्टवेअरनं सांगितलं नसतं. तुमचा व्यवसाय कुठलाही असो, शिकवणी असो, पॅथॉलॉजी लॅब असो, सुरुवात इथूनच करा. फोनवर लोक पहिलं वाक्य काय बोलतात, ते लिहून ठेवा.

मग गूगलची पेटी. यात शब्द अर्धा टाइप केला की खाली सूचना येतात. त्या मुख्यतः लोकांनी खरोखर केलेल्या शोधांवरून येतात, म्हणून त्या फुकटच्या खजिन्यासारख्या आहेत. ब्राउझरची खाजगी विंडो उघडा, म्हणजे तुमचे स्वतःचे जुने शोध मध्ये येणार नाहीत. मात्र तुमचं ठिकाण गूगलला तरीही अंदाजे कळतं, तेव्हा इंदुरात दिसलं ते लखनौला तसंच दिसेल असं धरू नका. शब्द टाका, जागा सोडा, मग एकेक अक्षर टाकत जा. निकालाच्या पानावर 'लोक हेही विचारतात' असा प्रश्नांचा चौकोन येतो आणि तळाशी संबंधित शोध येतात, तेही उतरवा.

हे काम आपल्याला तीनदा करावं लागतं. मराठीत देवनागरीतून, हिंदीत देवनागरीतून आणि रोमन अक्षरांत. फोनवर बरेच लोक मराठी शब्दसुद्धा इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करतात. आणि इथे काकूंच्या भाजणीची मोठी पंचाईत. रोमन अक्षरांत 'भाजणी' आणि भजनी मंडळातलं 'भजनी' यांचं स्पेलिंग एकच होतं. ळ, ण, दीर्घ आ, सगळं त्या सव्वीस अक्षरांत सपाट होऊन जातं. एकटा 'भाजणी' हा शब्द धरला, तर टाळ-मृदंगवाले आणि पीठवाले एकाच रांगेत. म्हणून एकटा शब्द सोडला आणि 'थालीपीठ भाजणी' धरला. त्यात शंका राहत नाही. मेतकूट मात्र सुदैवी. स्पेलिंगं दोन-तीन आहेत, पण अर्थ एकच. अशा वेळी प्रत्येक स्पेलिंगचं वेगळं पान करू नका, गूगलला बहुतेक वेळा ते एकच आहेत हे समजतं.

हिंदी पट्ट्यात असे सापळे अजून आहेत. 'चिवडा' घ्या. आपल्याला फोडणीचा, शेंगदाणे-खोबऱ्याचे काप घातलेला चिवडा दिसतो. बिहारमध्ये 'चूड़ा' किंवा 'चिवड़ा' म्हणजे साधे पोहे, दह्याबरोबर खायचे. शंकरपाळे आणि शकरपारे हे सख्खे भाऊ वाटतात, पण तिकडे पुष्कळदा तळून वरून साखरेचा पाक चढवतात, आपण साखर पिठातच मुरवतो. असा शब्द वापरायचाच नाही असं मी म्हणत नाही. काकूंच्या करंजीच्या पानावर आज एक स्पष्ट वाक्य आहे, हिंदीत: ही महाराष्ट्राची करंजी आहे, दिसायला गुजियासारखी, आत खोबरं आहे, खवा नाही. ज्याला हवी तो घेतो, ज्याला नको तो तिथूनच मागे फिरतो. परत आलेल्या पार्सलपेक्षा परत गेलेला वाचक स्वस्त पडतो.

यादी तयार झाली की प्रत्येक शब्द गूगलमध्ये टाकून पहिले दहा निकाल डोळ्यांनी बघायचे. ही पायरी लोक टाळतात आणि माझ्या मते कीवर्डच्या कामात सगळ्यात मोलाची हीच. पहिल्या दहांत सगळ्या पाककृती आणि व्हिडिओ आहेत? मग तो शब्द टाकणारे बहुतेक जण घरी करायला बसलेत, विकत घ्यायला नाही. तिथे तुमचं विक्रीचं पान कितीही सजवा, वर यायची शक्यता कमी. एक तर तुम्हीही नीट पाककृती लिहा आणि शेवटी आपल्या भाजणीचा दुवा द्या, नाही तर तो शब्द सोडा. पहिल्या दहांत दुकानं आहेत, किमती दिसतायत, फोटोंची रांग आहे? मग तो घेणाऱ्याचा शब्द. आणि सगळे मोठे ब्रँडच आहेत? मग त्याच शब्दाला शेपूट लावून बघा: 'थालीपीठ भाजणी इंदौर', 'उपवासाची भाजणी ऑनलाइन', 'गोडा मसाला घरगुती'. अशा लांब, कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांना लाँग टेल म्हणतात. हे नाव क्रिस अँडरसन यांच्या २००४ सालच्या 'वायर्ड' मासिकातल्या लेखामुळे रुळलं.

समजा एक शब्द महिन्याला पाच हजार लोक शोधतात आणि तुम्ही चाळिसाव्या क्रमांकावर आहात. तुम्हाला काय मिळालं? जवळजवळ शून्य. दुसरा शब्द फक्त चाळीस जण शोधतात, तुम्ही दुसरे-तिसरे आहात, त्यातले सहा आत आले आणि दोघांनी ऑर्डर दिली. घरगुती व्यवसायाला हे दोघे पुरतात. त्यांच्या बहिणी, जावा, शेजारणी पुढे येतात.

आता आकड्यांची टूलं. गूगल अ‍ॅड्समधला कीवर्ड प्लॅनर फुकट वापरता येतो, पण जाहिरातीवर खर्च करत नसाल तर तो सहसा नेमका आकडा न देता पट्टा देतो, शंभर ते हजार असा. त्यात 'कॉम्पिटिशन' नावाचा रकाना असतो, आणि तो वाचताना पुष्कळ जण चुकतात. ती स्पर्धा जाहिरातदारांची आहे. फुकटच्या निकालांत वर यायला किती अवघड आहे, ते तो रकाना सांगतच नाही. शिवाय मराठी शब्दांपुढे पुष्कळदा काहीच आकडा दिसत नाही. त्याचा अर्थ कोणीच शोधत नाही असा घेऊ नका. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के आपण याआधी कधीच पाहिलेले नसतात, असं गूगलनंच वेळोवेळी सांगितलंय.

गूगल ट्रेंड्स वेगळ्या कामाचं. तिथले ० ते १०० हे आकडे म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळातलं शिखर १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवलेलं असतं. दोन शब्दांत कुठला वरचढ, कुठल्या राज्यात, वर्षातल्या कुठल्या महिन्यात, एवढ्यासाठी ते उत्तम. फराळाचे शब्द दिवाळीच्या सुमाराला चढतात हे सांगायला ट्रेंड्स नको, पण चढण किती आठवडे आधी सुरू होते ते तिथे दिसतं. पान त्याच्याही बरंच आधी तयार हवं. आणि दरवर्षी नवं पान करू नका. 'दिवाळी फराळ' हे एकच पान, एकच पत्ता, दरवर्षी त्यातल्या तारखा आणि किमती बदलायच्या. त्या पानाची जुनी कमाई वाया जात नाही.

निवडीसाठी आम्ही वहीत तीन रकाने आखले: शब्द, तो टाकणाऱ्याला काय हवंय, आणि आपलं कुठलं पान त्याला ते देईल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर एक तर पान लिहायचं, नाही तर शब्द खोडायचा. 'नमकीन' खोडला. 'मिठाई ऑनलाइन' खोडला. एकाच हेतूचे चार शब्द असतील तर चारही एकाच पानावर. चार पानं केली तर ती आपसातच भांडतात.

निवडलेला शब्द ठेवायचा कुठे? पानाच्या टायटलमध्ये, मुख्य मथळ्यात, पहिल्या एक-दोन वाक्यांत, फोटोच्या वर्णनात. झालं. काकूंच्या जुन्या साइटवर एजन्सीनं मेटा कीवर्ड नावाच्या टॅगमध्ये साठ शब्द कोंबले होते. आपण क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नाही, हे गूगलनं २००९ सालीच जाहीर केलंय. तळाला फिकट अक्षरांत शब्दांची माळ लावणं तर उलट अंगाशी येतं, ते गूगलच्या नियमांत स्पॅममध्ये मोडतं.

यानंतर दोन-तीन महिने थांबायचं आणि सर्च कन्सोल उघडायचं. तुमची साइट कुठल्या शोधांत दिसली, कितव्या जागी, किती जणांनी क्लिक केलं, हे तिथे मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. अगदी क्वचित केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, तरी जे दिसतं ते पुष्कळ. मी सरासरी आठ ते वीस या जागांमधले शब्द आधी बघतो. तिथे तुम्ही दारापर्यंत पोहोचलेले असता. पानात थोडी भर घातली, टायटल सुधारलं, की बऱ्याचदा वर सरकता.

काकूंच्या यादीत तिथे एक अनपेक्षित ओळ निघाली. उपवासाच्या भाजणीसाठी लोक साइटवर येत होते. काकूंनी थालीपिठाच्या पानावर सहज एक वाक्य लिहिलं होतं, की उपवासाची भाजणी वेगळी, त्यात राजगिरा, वरई आणि साबुदाणा असतो. तेवढ्या वाक्यावर गूगल त्यांना अकराव्या-बाराव्या जागी दाखवत होतं, आणि लोक येऊन रिकाम्या हातानं परत जात होते. काकू म्हणाल्या, "अरे, ही तर मी श्रावणात घरी करतेच. विकायची कधी सुचलंच नाही." त्याच संध्याकाळी त्या वरई भाजायला बसल्या आणि मी नव्या पानाचं टायटल लिहायला घेतलं. ते टायटल आणि त्याखालचं दोन ओळींचं वर्णन कसं लिहायचं, ते पुढच्या भागात करू.