दुसरी चावी

बँकेच्या नोकरीतली काही वर्षे मी बीड जिल्ह्यात काढली. कापसाचा हंगाम आला, की जिनिंगमधल्या दाबलेल्या गाठींचे ट्रक रस्त्याला लागत. एकेक गाठ साधारण 170 किलोची. त्या गाठींवर आम्ही कर्ज देत असू. त्यामुळे गाठी म्हटल्या की मला आकडे आठवत. 26 एप्रिल 1993 नंतर मात्र दुसरेच काही आठवू लागले.

त्या दुपारी एकच्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 मुंबईला निघाले. आत 118 माणसे. विमानाने जमीन सोडली ती उशिरा, आणि उंचीही बेताचीच घेतली. धावपट्टीपलीकडच्या रस्त्याला चौकशी अहवालात ‘बीड रोड’ म्हटले आहे. त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचे डावे मुख्य चाक त्यावर आदळले. पुढे उच्च दाबाच्या विजेच्या तारांना धडकून विमान कोसळले. 55 जण गेले.

चाके फक्त उतरताना सांभाळायची, असे आपल्याला वाटते. उतरण्याआधी ती खाली येऊन पक्की बसली, हे सांगणारे हिरवे दिवे वैमानिक बघतोच. पण उड्डाणाच्या पहिल्या क्षणीही चाके बाहेरच असतात आणि सर्वांत खाली असतात. वाटेत काही आले, तर पहिला तडाखा त्यांनाच.

चौकशीत दोन चुका निघाल्या. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले. आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरच्या वाहतुकीवर विमानतळ प्राधिकरणाने नियंत्रण ठेवले नाही.

आमच्या तिजोरीला दोन चाव्या असत, एक माझ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. एकदा घाईत मी नोटा न मोजताच सही करायला निघालो. म्हटले, ‘‘तुमच्यावर विश्वास आहे हो.’’ म्हातारा कॅशियर म्हणाला, ‘‘साहेब, विश्वास असू द्या, पण मोजणी तुमची तुम्ही करा.’’ दुसरी चावी असते ती अविश्वासापोटी नव्हे. माणूस चुकतो, म्हणून ती असते. चिकलठाण्याला आत चूक झाली, तेव्हा बाहेर ट्रक अडवणारे कोणी नव्हते.

12 सप्टेंबर 2025 रोजी कांडल्याहून मुंबईला निघालेल्या एका विमानाचे चाक उड्डाणाच्या वेळीच निखळले. खाली काही तरी पडल्याचे तिथल्या नियंत्रकाच्या नजरेने टिपले. मुंबईत आणीबाणीची तयारी झाली आणि विमान सुखरूप उतरले. तिथे दुसरी चावी ज्याच्या हाती होती, तो माणूस जागा होता.

रेल्वेचे फाटक पडले, की आपण गाडीत बसून चडफडतो. मीही चडफडलो आहे. आता तसे होऊ लागले, की मला तो गाठींचा ट्रक आठवतो. त्याच्यापुढे त्या दुपारी कोणी पाच मिनिटे एक फाटक पाडले असते, तर ड्रायव्हरने बहुधा शिव्याच घातल्या असत्या. त्याने घालायला हव्या होत्या.