नळ घरात आला, आता पाण्याचं बघू या!

घरी कुणी आलं की आपण आधी पाणी पुढं करतो. चहा नंतर, ख्यालीखुशाली नंतर. उन्हातून आलेल्या माणसाला तांब्याभर पाणी देणं हे आपल्याकडं पुण्याचं काम. आमच्या मराठवाड्यात तर पाण्याची किंमत कुणी शिकवावी लागत नाही. हसनाबाद, भोकरदन, जाफराबाद या पट्ट्यात टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेल्या बाया घरोघर भेटतील. त्यामुळे आमची सगळी काळजी असते ती पाणी येईल का, किती येईल आणि किती दिवसांनी येईल याची. आलेलं पाणी कसं आहे, हा प्रश्न मागंच राहतो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. त्यानंतर गावोगाव पाइप पडले, टाक्या उभ्या राहिल्या. कुठं नळ सुरू झाले, कुठं काम रखडलं. डोक्यावरचा हंडा उतरला तर बाईइतका आनंद कुणाला होणार? पण मैत्रिणींनो, नळाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे याचा विचार आपण कधी केलाय का? पाण्यात औषध किती टाकायचं, कधी टाकायचं, हे रोज एक माणूस ठरवतो. अख्ख्या गावाची तब्येत त्याच्या हातात असते. बहुतेक ठिकाणी तो पाणी सोडणारा कर्मचारीच असतो. आपल्यासाठी तो नळवाले मामा, सरकारी कागदात 'जलसुरक्षक'. डॉक्टरची पदवी आपण भिंतीवर बघतो, गाडी चालवणाऱ्याला परवाना लागतो. मग रोज हजारो लोकांना पाणी पाजणाऱ्या माणसाला त्याचं काम नीट शिकवलंय का, हे नको विचारायला?

पाणी शुद्ध होतं म्हणजे काय होतं?

मी कला शाखेची. विज्ञानाची धास्तीच होती. पण जलशुद्धीकरणाचं तत्त्व समजून घेतलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे.

धरणाच्या किंवा नदीच्या गढूळ पाण्यात मातीचे इतके बारीक कण असतात की ते आपणहून तळाशी बसत नाहीत. एकाच प्रकारचा विद्युतभार असल्यानं ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटी घातली की हा भार मोडतो आणि कण एकमेकांना चिकटू लागतात. आपल्या आज्या हंड्यात तुरटी फिरवायच्या, निवळीची बी उगाळून घालायच्या, ते याचसाठी. शुद्धीकरण केंद्रात तुरटी घातल्यावर पाणी आधी जोरात ढवळतात, म्हणजे ती सगळीकडं पसरते. मग अगदी हळू ढवळतात, म्हणजे कणांच्या गुठळ्या होतात. ताक घुसळताना लोणी दिसायला लागलं की आपण रवीचा हात हलका करतो ना, तसंच. तिथं घाई केली तर गुठळ्या फुटतात आणि पाणी पुन्हा गढूळ ते गढूळच.

मग पाणी संथ ठेवून गाळ बसू द्यायचा. वरचं निवळलेलं पाणी वाळूच्या थरातून गाळायचं. ही वाळूही ठरावीक वेळेला खालून वर उलटं पाणी सोडून धुवावी लागते. नाही धुतली तर मळलेल्या फडक्यातून चहा गाळल्यासारखी गत होते. सगळ्यात शेवटी येतं क्लोरीन.

तुरटी किती घालायची हेही रोज सारखं नसतं. पावसाळ्यातलं पाणी वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं. चार-सहा भांड्यांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीचं प्रमाण वेगळं ठेवायचं आणि कशात पाणी चांगलं निवळतं ते बघायचं. याला 'जार टेस्ट' म्हणतात. भाजीत मीठ घालण्याआधी चव घेऊन बघावी, तशीच ही गोष्ट. पण ती शिकवावी लागते.

पावडर टाकली म्हणजे झालं?

ज्या गावांना विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी आहे तिथं एवढं मोठं केंद्र नसतं. तिथं सगळा भार टीसीएलवर, म्हणजे ब्लीचिंग पावडरवर असतो. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते. आता हिशेब करा. हजार लिटरला ५ ग्रॅम या मापानं ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम चांगली पावडर लागते. पोत्यातली पावडर निम्म्यानं उतरली असेल आणि माप तेच ठेवलं, तर गावाला निम्मंच औषध मिळालं. वहीत मात्र 'पावडर टाकली' असंच लिहिलं जाणार!

पावडर थेट टाकीत भिरकावायची नसते. बादलीत आधी तिची पेस्ट करायची, मग पाणी घालून ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत सोडायचं. त्यानंतर किमान अर्धा तास थांबायचं, कारण जंतू मरायला वेळ लागतो. लाइट येते-जाते, लोक ओरडतात म्हणून औषध टाकल्या टाकल्या पाणी सोडलं तर ते असून नसल्यासारखं.

आणखी एक. क्लोरीन आधी पाण्यातली घाण खातं, मग जंतू मारतं, आणि त्यातूनही जे उरतं ते पाइपातून आपल्यासोबत घरापर्यंत येतं. हे उरलेलं क्लोरीनच आपला खरा राखणदार. भारतीय मानकाप्रमाणे ते नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. पाइप कुठं फुटलेला असतो, कुठं गटाराशेजारून गेलेला असतो. पाणी बंद असताना रिकामा पाइप बाहेरची घाण आत ओढतो. आपणही नळाला थेट मोटार लावतो, नळासाठी खड्डा करून त्यात हंडा भरतो, आणि त्या घाणीला आमंत्रणच देतो. म्हणून तपासणी टाकीपाशी करून भागत नाही, ती गावातल्या शेवटच्या घराच्या नळाला व्हायला हवी.

तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांसोबत आम्ही हेच करून पाहिलं. नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले. टाकीजवळच्या घरी पाणी छान पिवळं झालं. मधल्या आळीत फिकट, आणि टोकाच्या वस्तीवर काहीच रंग नाही. तिथली एक आजी म्हणाली, "बाई, आमच्यापोतर औषध येतच न्हाई व्हय?" तिच्या नातवाला जुलाब लागून राहिले होते.

शिकवलं नाही तर काय होतं?

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं साधारण ५ हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये तिथं जोराचा पाऊस झाला आणि शेतातल्या शेणखतातले जंतू गावाच्या एका विहिरीत उतरले. पाणीपुरवठा बघणाऱ्या दोघा भावांना या कामाचं रीतसर शिक्षण मिळालेलं नव्हतं. अनुभवाच्या जोरावर, परीक्षा न देताच त्यांना प्रमाणपत्र मिळालं होतं. क्लोरीन रोज मोजायचं सोडून वहीत अंदाजे आकडे लिहायची तिथं सवय पडली होती. त्यात वाईट हेतू नव्हता. आपलं पाणी चांगलंच आहे असं त्यांना मनापासून वाटायचं, ते स्वतः तेच पाणी औषधाशिवाय प्यायचे. त्या एका महिन्यात गावातले २,३०० लोक आजारी पडले आणि ७ जण गेले. चौकशी आयोग बसला आणि पुढं त्या प्रांतात पाणी शुद्ध करणाऱ्याला प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली.

एवढ्या श्रीमंत देशात हे घडतं, तर आपण किती जपायला हवं? आपल्याच देशात नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं. क्लोरीन वाढवलं, त्यामुळं टायफॉइड फारसा वाढला नाही. पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाणी फार घाण असेल तर नुसत्या क्लोरीननं भागत नाही, आधी ते नीट निवळावं आणि गाळावं लागतं, हा धडा तेव्हा मिळाला. ही कावीळ पुढं 'हिपॅटायटिस ई' म्हणून ओळखली गेली. गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते. म्हणून पाण्याचा प्रश्न हा सुनेच्या आणि लेकीच्या बाळंतपणाचाही प्रश्न आहे.

जारचं पाणी उत्तर आहे का?

नळावर भरवसा नाही म्हणून आता खेड्यातही थंड पाण्याचे जार येतात. परवडतं ते घेतात. पण आरओ यंत्रातून निघालेल्या पाण्यात राखणदार क्लोरीन उरलेलं नसतं. जार नीट धुतला नसेल तर त्यात जंतू आरामात वाढतात. थंड आणि गोड लागतं म्हणजे शुद्ध असतं असं नाही. उलटंही खरं आहे. क्लोरीननं जंतू मरतात, पण बोअरच्या पाण्यातला क्षार, फ्लोराइड, नायट्रेट त्यानं जात नाही. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्यावं लागतं.

आपल्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं आहे. त्यासाठी एफटीके, म्हणजे तपासणीची पेटी गावाला मिळते. आपल्या गावात त्या पाच जणी कोण आहेत ते विचारा. कुणी नसतील तर तुम्ही व्हा. त्या पेटीसोबत जंतू तपासायची बाटलीही येते. पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते प्यायचं नाही.

आपल्या राज्यात आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. लाल म्हणजे धोका. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, किती जणींना माहीत आहे? ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथं हा प्रश्न विचारा. पावडर शेवटची कधी आली, तिचं क्लोरीन तपासलं का, शेवटच्या नळाचं पाणी रोज बघतात का, वही दाखवा, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणि नळवाल्या मामांवर नुसतं ओरडू नका. त्यांचा पगार तुटपुंजा, तोही वेळेवर होईल याची खात्री नसते. हातमोजे, तोंडाला फडकं, वजनकाटा, ओटीची बाटली एवढं तरी त्यांना मिळतं का बघा. प्रशिक्षण निघालं की त्यांना पाठवा, त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नका, असा ठराव सभेत मांडा. शिकून आले की त्यांच्याकडून आपणही शिकून घ्या.

तोवर घरी एवढं पाळा. पावसाळ्यात पाणी खळखळ उकळून घ्या, नाहीतर आशाताईंकडची क्लोरीनची बाटली त्यावर लिहिलेल्या मापानं वापरा. पिण्याच्या भांड्यात हात बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. तपासायला घेतलेलं ओटीचं पाणी पिऊ नका, फेकून द्या. नळाला मोटार लावू नका. शेजारणीनं लावली असेल तर भांडण न करता समजावून सांगा.

पोरंबाळं आजारी पडली की रात्री उशाशी आपणच बसतो. मग पाण्याची वही बघायलाही आपणच जाऊ या. येत्या ग्रामसभेत तुमच्या गावातल्या शेवटच्या नळाचं नाव घ्या, आणि तिथल्या पाण्याला रंग आला का ते आम्हाला जरूर कळवा.