अजिंठ्याचे उन्हात उमटलेले फोटो

मेजर रॉबर्ट गिलची अजिंठ्याच्या कामावर १८४४ मध्ये नेमणूक झाली ती कुंचल्यासाठी, कॅमेऱ्यासाठी नव्हे. मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याने लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायच्या होत्या. कॅमेरा पुढे १८५० च्या दशकात त्याच्या हाती आला. १८६४ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ या जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात गिलने काढलेले ७४ फोटो आहेत.

त्या काळी काचेवर निगेटिव्ह करीत. काचेला कोलोडियनचा चिकट थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन डेव्हलपही करायची. कोलोडियनमध्ये ईथर आणि अल्कोहोल, म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काच बघता बघता सुकणार. त्यामुळे अंधारखोली म्हणून काळा तंबू, बाटल्या आणि पाणी हे सगळे जवळच मांडावे लागे.

खरी करामत कागदाची. अंड्याचा पांढरा बलक मिठाबरोबर फेटून, निवळून कागदावर चढवायचा. वाळल्यावर तो कागद सिल्व्हर नायट्रेटवर तरंगत ठेवायचा आणि अंधारात सुकवायचा. मग निगेटिव्ह आणि कागद एकावर एक चौकटीत दाबून चौकट उन्हात ठेवली की फोटो आपोआप उमटे, डेव्हलपरशिवाय! तो हवा त्यापेक्षा जरा गडदच होऊ देत, कारण पुढे तो फिका पडणारच. त्यानंतर सोन्याच्या क्षाराने रंग जांभळट तपकिरी करायचा, हायपो या रसायनाच्या द्रावणात पक्का करायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचा.

उन्हाचाच, पण याहून सोपा मार्ग जॉन हर्शेलने १८४२ मध्येच दाखवला होता : सायनोटाइप. त्यात चांदी नाही, लोहाचे क्षार. पक्के करायला नुसते पाणी पुरते. फोटो मात्र निळा. म्हणून त्याला खरे गिऱ्हाईक नंतर इंजिनिअरांच्या कचेऱ्यांत, नकाशांच्या नकलांसाठी मिळाले. आज पुढाऱ्यांच्या भाषणातली ‘ब्लू प्रिंट’ तिथलीच.

निळा रंग गिलच्या कॅमेऱ्यालाही नडण्यासारखा होता, पण उलट्या बाजूने. कोलोडियनला निळा प्रकाश फार लवकर जाणवे, तांबडा जवळजवळ नाहीच. अजिंठ्याच्या भिंतीवर गेरू आणि लाजवर्दी निळा शेजारी शेजारी. फोटोत गेरू काळाकुट्ट होणार आणि निळा पांढराफटक. शिवाय आत अंधार. कोरीव दगडाला ही अडचण नव्हती. दर्शनी भाग, खांब आणि मूर्ती यांवर ऊन तिरपे पडले की खोदकाम उठून दिसे. चित्रांसाठी मात्र कुंचल्याला पर्याय नव्हता.

गिलने रंगवलेल्या बहुतेक नकला डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. तोवर फोटो पुस्तकांतून पसरले होते. बलकाच्या थरामुळे ते आता पिवळसर पडले आहेत, पण दगडावरची छिन्नी त्यांत अजून दिसते.