बर्फाच्या गावी घराची जमीन



वैशाखाच्या तोंडावर, पंख्याखाली घाम पुसत बसलेल्या मंडळींपुढे बर्फाच्या देशातील घरांविषयी बोलणे म्हणजे थोडे धाडसच आहे. परंतु विषय माझ्या परिचयाचा आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते मोझाइक फरशीच्या कारखान्यात आणि संघटनेच्या कचेरीत. नऊ वर्षे फरशी घासली, त्यामुळे कोणाच्याही घरी गेलो की भिंतीवरच्या चित्रांआधी पायाखाली काय आहे तेच पाहतो.

माझा भाचा कॅनडात माँट्रिऑल शहरी असतो. त्याने तेथे एक जुने घर घेतले, मला हिवाळ्यात बोलावून नेले आणि म्हणाला, "मामा, तुम्ही फरशीवाले. सांगा, खाली काय घालू?"

मला वाटले होते, थंडी हाच तेथला मुख्य प्रश्न असेल. तसे नाही. जमिनीला मारतात ती दोन कारणे. पहिले दारातून येते. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि पाय घसरू नये म्हणून खडी. दोन्ही बुटांच्या तळव्याला चिकटून आत येतात. वितळलेल्या पाण्याचे थारोळे साचते, ते वाळले की मिठाचा पांढरा डाग राहतो, आणि वाळूचा कण तर पॉलिशवर कानसच चालवतो. यावर तेथील लोकांचा पहिला उपाय आपल्याच घरचा आहे : बूट दारातच काढायचे. त्यासाठी उभ्या काठांचा ट्रे ठेवतात, पाणी त्यातच राहते. कोणतीही महाग फरशी या ट्रेइतके काम करीत नाही.

दुसरे कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि मला स्वतःला ते समजायला वेळ लागला. शून्याखाली २० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर एक ग्रॅमभर वाफ मावते. तीच हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात १७ ग्रॅम मावण्याइतकी जागा होते. म्हणजे हवा तहानलेली होते आणि मिळेल तेथून पाणी ओढते : ओठांतून, कातडीतून आणि लाकडातून. आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते की नाही? तेथे हिवाळ्यात त्याच्या उलट घडते. फळ्या आकसतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात, उन्हाळ्यात त्याच फटी पुन्हा मिटतात. भाच्याच्या बैठकीत एका फटीत मी नाणे उभे करून पाहिले, ते आत गेले!

लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आकसते ते रुंदीत. म्हणून फळी जितकी रुंद तितकी फट मोठी, आणि अरुंद पट्ट्या घालण्याची जुन्या सुतारांची रीत शहाणपणाची. खोडाच्या वर्तुळांना काटकोनात कापलेली फळी साध्या फळीच्या सुमारे निम्मीच हलते, पण तिला दाम अधिक पडतो. हल्ली पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून त्यावर खऱ्या लाकडाचा पापुद्रा बसवतात. ती फळी कमी हलते, पण पापुद्रा पातळ असेल तर पुन्हा रंधून घेता येत नाही. लाकडांत तेथील मेपल कठीण आणि टिकाऊ. ओकमध्ये तांबडा आणि पांढरा असे दोन प्रकार आहेत. तांबड्याच्या नळ्या उघड्या असल्याने तो पाणी पितो, पांढऱ्याच्या बुजलेल्या असतात, म्हणून पिंपे पांढऱ्याची करतात. दाराजवळ ओकच घालायचा असेल तर पांढरा घालावा.

चिनी मातीची भाजलेली फरशी पाण्याला आणि मिठाला भीत नाही, पण पायाला गार लागते. वास्तविक एकाच खोलीतले लाकूड आणि फरशी सारखीच थंड असतात. पितळेचा तांब्या आणि लाकडी पोळपाट सकाळी हातात घेऊन पाहा, तांब्या हातातील ऊब झटकन नेतो. म्हणून फरशीखाली तापवणाऱ्या तारा किंवा गरम पाण्याच्या नळ्या घालतात. पायरीवर मात्र पाणी पिणारी फरशी घालू नये. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि फरशीचे टवके उडवते.

लिनोलियमचाही उल्लेख केला पाहिजे. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. जवसाचे तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला तागाचे कापड. तो ताग बंगालच्या शेतांतून जात असे, हे तिकडे फार थोड्यांना ठाऊक असावे.

आता तळघर. तेथे काँक्रीटमधून ओल वर येते, म्हणून लाकूड चालत नाही. भाच्याच्या तळघरात नऊ इंची चौकोनी जुन्या फरश्या होत्या, काही कोपऱ्यांवर तुटलेल्या. तो छिन्नी-हातोडा घेऊन निघाला होता. मी त्याचा हात धरला. त्या काळच्या अशा फरश्यांत आणि त्यांच्या खालच्या काळ्या गोंदात पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असे. नुसत्या दिसण्यावरून ते कळत नाही, तुकडा प्रयोगशाळेत द्यावा लागतो. अखंड फरशी फारशी घातक नसते, पण फोडली, घासली की तंतू हवेत उडतात, फुप्फुसात बसतात आणि कित्येक वर्षांनी कर्करोग होऊन उठतात.

तो खनिज धागा त्याच प्रांतातला. माँट्रिऑलच्या पूर्वेस अ‍ॅस्बेस्टॉस याच नावाचे गाव होते. फेब्रुवारी १९४९ मध्ये तेथील आणि आसपासचे सुमारे पाच हजार खाणकामगार संपावर गेले, आणि साडेचार महिने झगडले. त्यांच्या मागण्यांत मजुरीबरोबर धूळ हटवण्याची मागणी होती. सरकार आणि पोलीस मालकांच्या बाजूने उभे राहिले. पुढे पंतप्रधान झालेल्या पियेर त्रुदो यांनी या संपावरचे पुस्तक १९५६ साली संपादित केले. धुळीविषयी कामगार जे बोलत होते, ते देशाच्या कायद्यात उतरायला २०१८ साल उजाडले, तेव्हा कॅनडाने अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. २०२० मध्ये त्या गावाने आपले नावही बदलले. दरम्यान तेथला माल वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आपला देश होता, आणि सिमेंटच्या पत्र्यांसाठी दुसऱ्या देशांतून अशी आयात आपल्याकडे आजही होते. हे सांगताना मला राग आवरत नाही, क्षमा असावी.

तपासणीत तळघराच्या फरश्यांत अ‍ॅस्बेस्टॉस निघाले. तुटलेले कोपरे परवानाधारक कामगारांनी मुखवटे घालून, पाण्याने भिजवून काढले. बाकीच्या फरश्या तशाच ठेवून त्यांवर पाण्याला न डरणाऱ्या व्हिनाइलच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून बसवल्या, एकही खिळा न मारता. वरच्या मजल्यावरचा जुना मेपल ठेवला. हवेत ओल राहावी म्हणून वाफ सोडणारे यंत्र आणले. दाराशी चार हात भाजलेली फरशी घातली आणि तिच्यावर तो बुटांचा ट्रे.